सही नवऱ्याची, पोट बायकोचं!

बाळ झाल्याची बातमी आली की आपल्याकडे लागोपाठ दोन प्रश्न विचारले जातात. मुलगा की मुलगी? आणि नॉर्मल की सिझर? पहिल्याचं उत्तर निसर्ग देतो. दुसऱ्याचं माणसं देतात. कोणती माणसं, याची यादी केली तर ती बरीच लांबते: डॉक्टर, नवरा, सासू, आई, मोठा दीर, पंचांग बघणारे महाराज, मागच्या वर्षी सिझर झालेली शेजारीण. या यादीत एक नाव बहुतेक वेळा नसतं. जिचं पोट आहे, तिचं.

‘सिझर वाईट, नॉर्मल चांगलं’ असं सांगणारा हा लेख नाही. उलटंही सांगणारा नाही. म्हणणं एकच आहे. बाळंतपण कसं आणि कुठे व्हावं हे ठरवताना बाईला तिच्या भाषेत, तिच्या तब्येतीची सगळी माहिती दिली पाहिजे, आणि मग तिचं मत विचारलं पाहिजे. हे काम सातव्या महिन्यात व्हायला हवं, कळा सुरू झाल्यावर नाही. जो डॉक्टर हे करत नाही तो सिझर करो की नॉर्मल, त्याचं काम अर्धंच झालेलं असतं. काही व्यवसायबंधूंना हे झोंबेल. झोंबू दे.

तीन मतं आणि एक समान चूक

गावात तीन मतं ऐकू येतात.

पहिलं चावडीवरचं मत: ‘डॉक्टर लोक पैशासाठी पोट फाडतात.’ दुसरं घरातलं: ‘आमच्या वेळी धानाच्या बांधीतून घरी येऊन बाळंतीण झालो, आताच्या पोरींना सोसवत नाही.’ तिसरं दवाखान्यातलं, हळू आवाजात बोललं जाणारं: ‘खेड्यातल्या बाईला काय समजावणार? तिला काय कळतं?’

तिन्ही मतं एकमेकांशी भांडतात असं वाटतं. पण एका गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे: बाईला विचारायची गरज नाही. चावडी तिला फसवली गेलेली समजते, घर तिला नाजूक समजतं आणि दवाखाना तिला अडाणी समजतो. तिला एक जाणती, सज्ञान व्यक्ती कोणीच समजत नाही.

‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्या आजीबाईंना एक नम्र आठवण. त्या वेळी बाळंतपणात गेलेल्या बायका आज आपलं मत सांगायला हयात नाहीत. ज्या वाचल्या, त्याच आठवणी सांगतात.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात दर १०० बाळंतपणांत सुमारे २१ सिझर होती. महाराष्ट्रात हा आकडा २५.४ होता. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) तो २०.१ होता. खरी गंमत पुढे आहे. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के.

सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या बाईचं हाड वेगळं आणि खासगीत जाणाऱ्या बाईचं वेगळं असं नसतं. गुंतागुंतीच्या काही केसेस खासगीत जास्त जातात, काही बायका मागूनही सिझर करून घेतात, हे खरं आहे. पण तिप्पट फरक एवढ्याने भरून निघत नाही. दवाखान्याचा हिशेब, डॉक्टरची सोय, रात्री भूलतज्ज्ञ मिळेल की नाही ही धास्ती, नातेवाइकांची भीती, हे सगळं त्या फरकात मिसळलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये सांगितलं होतं की कोणत्याही भागात सिझरचं प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या वर असण्याचं समर्थन करता येत नाही. २०१५ मध्ये तिने भाषा अधिक नेमकी केली. सिझरचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढतं तेव्हा माता आणि बाळांचे मृत्यू कमी होतात. त्यापुढे ते वाढवून मृत्यू आणखी घटतात असं दिसत नाही. आणि त्याच निवेदनात महत्त्वाचं वाक्य आहे: ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा, जिला गरज आहे त्या प्रत्येक बाईला सिझर मिळालं पाहिजे.

म्हणजे टक्केवारी समाजाची असते, पोट एका बाईचं असतं. ‘सिझर फार होतात’ हे खरं असलं तरी ‘तुझं सिझर नको’ असा त्याचा अर्थ होत नाही. तिच्यापुरतं उत्तर तिच्या तपासण्यांवरून आणि तिच्या इच्छेवरूनच निघेल.

कायदा कोणाची सही मागतो?

आपल्याकडे संमतीपत्र म्हणजे नवऱ्याची सही. बाई आत कळा देत असते, नवरा बाहेर व्हरांड्यात कागदावर सही करतो. बऱ्याचदा वाचतही नाही. वाचून कळेल असा तो कागद लिहिलेलाही नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात याबद्दल स्पष्ट निकाल दिला. त्या प्रकरणात बाई तपासणीसाठी भुलेखाली होती. तेवढ्यात बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती भुलेखाली आहे, जिवाला तातडीचा धोका नाही. मग तिच्या वतीने आईने दिलेली संमती चालणार नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवं होतं.

त्याच निकालात खरी संमती कशी असते हेही सांगितलं आहे. उपचार काय आहे, कशासाठी आहे, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, आणि नाही म्हटलं तर काय होऊ शकतं, एवढं रुग्णाला सांगितलेलं असलं पाहिजे. आईची सही चालत नसेल, तर नवऱ्याची आणि सासूची तरी कशी चालेल? अठरा वर्षांवरच्या, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती म्हणजे तिचीच संमती. नवऱ्याने सही करावी, हरकत नाही. पण ती साक्षीदाराची सही असते, मालकाची नव्हे.

माहिती लपवणं फक्त सिझरकडे ढकलण्यासाठीच होतं असंही नाही. ब्रिटनमधल्या नदीन मॉन्टगोमेरी या बाईंना मधुमेह होता, उंची कमी होती. मधुमेही आईचं बाळ अंगाने मोठं होतं आणि डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकण्याचा धोका साधारण शंभरात नऊ-दहा इतका असतो. हे त्यांना सांगितलंच नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की सांगितलं तर सगळ्याच मधुमेही बायका सिझर मागतील. १९९९ मध्ये बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल आईच्या बाजूने दिला. कोणता धोका महत्त्वाचा आहे हे डॉक्टरच्या सोयीने ठरत नाही. त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, हे पाहायचं.

सिझरच लागतं अशा वेळा

काही वेळा चर्चा नसते, घाईच असते. वार पिशवीच्या तोंडावर बसलेली आहे. बाळ आडवं आहे. नाळ बाळाच्या आधी बाहेर आली आहे. कळा जोरात असूनही बाळ अडकलं आहे. बाळाचे ठोके पडत चालले आहेत आणि सुधारत नाहीत. पिशवीवरचा जुना उभा छेद आहे. अशा वेळी सिझर म्हणजे जीवदान.

इथे घरच्यांना हात जोडून सांगणं आहे. त्या क्षणी ‘थांबा, मोठ्या दादाला फोन लावतो’, ‘बाबा आले की ठरवू’ असं करू नका. बाळंतपणातले मृत्यू तीन प्रकारच्या उशिरांमुळे होतात, असं आम्हाला शिकवलं जातं: निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर आणि उपचार मिळायला उशीर. यातला पहिला उशीर घरात होतो. बाईशी आधीच बोलणं झालेलं असेल, तर त्या वेळी ती स्वतः ‘हो’ म्हणेल आणि पंधरा मिनिटं वाचतील. बाईला निर्णय दिला की वेळ जातो हा समज उलटा आहे. वेळ जातो तो तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारण्यात.

घाबरवणारे शब्द

आता दुसरी बाजू. काही शब्द दवाखान्यात नुसते उच्चारले तरी घरचे ‘सिझर करून टाका’ म्हणतात. त्यांचा अर्थ समजून घ्या.

‘नाळेचा वेढा आहे.’ दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा असतो. बहुतेक बाळं व्यवस्थित नॉर्मल जन्मतात. ठोके चांगले असतील तर नुसता वेढा हे सिझरचं कारण नाही.

‘बाळ मोठं आहे.’ सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो आणि तो १०-१५ टक्के इकडेतिकडे होतो. साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीनचंही निघतं आणि चारचंही. आईला मधुमेह असेल तर मात्र या अंदाजाकडे गांभीर्याने बघावं लागतं.

‘तारीख उलटली.’ दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. तारीख म्हणजे औषधाच्या डबीवरची मुदत नव्हे. ४१ आठवडे झाले की कळा आणायचं औषध द्यायचं का, यावर बोलायचं. तारीख उलटली की पहिलं पाऊल सिझर नसतं.

‘पाणी कमी आहे.’ किती कमी, कितव्या आठवड्यात, बाळाची वाढ आणि ठोके कसे, हे विचारा. दिवस भरलेले असतील आणि बाळ ठीक असेल तर अनेकदा कळा आणून बघता येतं.

‘रक्त कमी आहे, बीपी आहे.’ दोन्हींवर उपचार लागतात, जपावं लागतं, पण नुसत्या या कारणाने सिझर लागत नाही. रक्त कमी असलेल्या बाईला तर उगाच सिझर नकोच, कारण सिझरमध्ये नॉर्मलच्या साधारण दुप्पट रक्त जातं.

‘सिकलसेल आहे.’ आपल्या पूर्व विदर्भात हा प्रश्न घरोघरी आहे. आधी हे बघा की बाई नुसती वाहक आहे की आजारी. वाहक असेल तर बाळंतपणाच्या पद्धतीत काही फरक पडत नाही. आजार असेल तर बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, पण तिथेही सिकलसेल एवढ्या एका कारणाने सिझर होत नाही.

‘पहिलं सिझर आहे.’ पहिल्या सिझरचा छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ६० ते ८० बायकांचं दुसरं बाळंतपण नॉर्मल होतं. पण दोनशेत एखादीची जुनी शिवण उसवते. म्हणून हा प्रयत्न, दिवस असो की रात्र, लगेच ऑपरेशन होऊ शकेल अशाच ठिकाणी करायचा. ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे जसं चूक, तसंच ‘घरीच कळा काढू, मग बघू’ हेही जिवावरचं.

दोन्हींची किंमत

सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, मूत्राशयाला इजा हे धोके थोडे असतात, पण असतात. ३९ आठवड्यांच्या आत, कारण नसताना केलेल्या सिझरमध्ये बाळाला धाप लागण्याची शक्यता वाढते. सगळ्यात मोठी किंमत पुढच्या खेपेला मोजावी लागते. एका सिझरनंतर पुढच्या वेळी वार खाली बसली, तर ती जुन्या टाक्यांत रुतण्याची शक्यता शंभरात सुमारे अकरा असते. दोन सिझरनंतर अशी वेळ आली तर सुमारे चाळीस. रुतलेली वार सोडवताना रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागतात आणि अनेकदा गर्भाशय काढावं लागतं. जिला अजून दोन मुलं हवी आहेत तिने हे पहिल्या सिझरच्या आधी ऐकायला हवं. आषाढात रोवणीला वाकायचं असेल, तर सहा आठवडे जड काम नाही, हेही ऐकायला हवं.

नॉर्मलही फुकट नसतं. कळा सोसाव्या लागतात, जागा फाटते, टाके पडतात. काहींना पुढे खोकताना लघवी सुटते, उतारवयात अंग बाहेर येतं. क्वचित बाळ अडकतं आणि गुदमरतं. नॉर्मलचा प्रयत्न करताना मध्येच सिझरही लागू शकतं. पण सगळं सुरळीत झालं तर बाई त्याच दिवशी उठते, बाळाला लवकर पाजते आणि पुढच्या बाळंतपणावर सावट राहत नाही.

साधारणपणे निरोगी बाईला, डोकं खाली असलेल्या बाळासाठी, नॉर्मलचा प्रयत्न हाच बरा. हे माझं वैद्यकीय मत. पण मत देणं डॉक्टरचं काम आहे आणि ठरवणं तिचं. सगळं ऐकून, समजून एखादी म्हणाली, ‘मला सिझरच हवं,’ तर तिला हसायचं नाही, रागवायचं नाही. आधी विचारायचं, भीती कशाची? बहुतेक वेळा ती कळांची असते, एकटं पडण्याची असते, खोलीत कोणी खेकसेल याची असते. या तिन्हींवर इलाज आहे. जवळची बाई सतत सोबत असली तर नॉर्मल होण्याची शक्यता वाढते आणि सिझरची घटते, हे पंधरा हजारांहून अधिक बायकांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. पडून राहण्याऐवजी चालत-बसत कळा काढल्या तर पहिला टप्पा तासाभराहून अधिक लवकर आटपतो. २०१६ पासून केंद्र सरकारच्या सूचनेनुसार सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवता येते. ती मागा. हे सगळं होऊनही तिचं मत तेच राहिलं, तर त्या मताचा मान ठेवायचा. आपल्याला ते करणं शक्य नसेल तर तसं स्पष्ट सांगून दुसरीकडे पाठवायचं.

दोन कारणं मात्र कारणं नाहीतच. एक, मुहूर्त. ठरावीक नक्षत्रावर बाळ काढण्यासाठी ३७ व्या आठवड्यात सिझर करणं म्हणजे बाळाच्या फुप्फुसांशी खेळणं. दुसरं, ‘सिझरमध्येच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन होऊन जाईल.’ नॉर्मलनंतर आठवडाभरात लहानशा छेदातून ते ऑपरेशन होतं. आणि नवऱ्याची नसबंदी तर त्याहून सोपी आहे. हे वाक्य दवाखान्यात उच्चारलं की नवऱ्याला अचानक बाहेर काम आठवतं.

‘खेड्यातल्या बाईला काय कळतं?’

आता या लेखाचं मूळ भांडण. व्यवसायबंधूंनो, आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या ओपीडीत येणारी बाई गावची सरपंच असू शकते, बचत गटाचा हिशेब ठेवणारी असू शकते. कोणतं धान कोणत्या बांधीत पेरायचं, कर्ज कधी उचलायचं हे ती जाणते. तिला ‘दोनशेत एक’ म्हणजे काय हे कळत नाही, असं म्हणणारा स्वतःच्या सांगण्याची उणीव तिच्या माथी मारतो.

‘वेळ नाही’ हे दुसरं कारण. ओपीडीत गर्दी असते, हे खरं. पण गरोदरपणात ती किमान चार वेळा येते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. नऊ महिन्यांत दहा मिनिटं निघत नाहीत? थोडं सिस्टर सांगतील, थोडं आशाताई सांगतील. सगळं डॉक्टरनेच बोललं पाहिजे असं नाही.

‘काही झालं तर लोक मारतात’ हे तिसरं. ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदाच केला, ही वेळ आली म्हणूनच. पण माणूस खवळतो तो अनपेक्षित घडल्यावर. धोके आधी सांगितलेले असतील तर दुःख होतं, पण फसवलं असं वाटत नाही. आणि नातेवाइकांनो, ‘बाळाला काही झालं तर बघून घेऊ’ असं तुम्ही ज्या क्षणी म्हणता, त्या क्षणी डॉक्टरच्या डोक्यात नॉर्मलचा विचार मागे पडतो आणि सिझरचा पुढे येतो. तुमच्या धमकीची किंमत तुमच्या सुनेच्या पोटावर लिहिली जाते.

लाखांदुरात पद्धत निवडणं म्हणजे जागा निवडणं

नागपूरच्या बाईला पद्धत निवडायची असते. आपल्या तालुक्यातल्या बाईला त्याआधी जागा निवडावी लागते. लाखांदूरचं ग्रामीण रुग्णालय, साकोलीचं उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, शेजारच्या जिल्ह्यातलं वडसा, वैनगंगेपलीकडचं ब्रह्मपुरी. यातलं कुठे जायचं हे कळा सुरू झाल्यावर गाडीत बसून ठरवलं तर निवड कसली, ती पळापळ.

त्यात पावसाळा. चूलबंदीला पूर आला की काही गावांचे रस्ते बंद होतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. श्रावण-भाद्रपदात दिवस भरत असतील, तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहा.

पैशांसाठीही निवड अडायला नको. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझरसुद्धा. औषधं, तपासण्या, रक्त, नेणं-आणणं आणि जेवणही: नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

सातव्या-आठव्या महिन्यात हे प्रश्न कागदावर लिहून न्या. बाईने स्वतः विचारा:

१. माझ्या बाबतीत नॉर्मल होण्यात काही अडचण दिसते का? कोणती?
२. सिझर सांगत असाल तर कारण काय? थांबून बघता येईल का? थांबले तर काय होऊ शकतं?
३. या दवाखान्यात रात्री सिझर होतं का? भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं का? नसेल तर मला कुठे आणि कधी पाठवाल?
४. कळा काढताना सोबत कोण राहू शकेल? चालता-बसता येईल का?
५. पुढच्या बाळंतपणावर याचा काय परिणाम होईल?
६. संमतीपत्रात काय लिहिलं आहे ते आजच वाचून दाखवाल का?

उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. घाई नसलेल्या सिझरसाठी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्यात पहिल्याचा अपमान होत नाही.

फलक लावा

२०१७ मध्ये मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी एक साधी मागणी केली: प्रत्येक दवाखान्याने नॉर्मल आणि सिझरचे आकडे जाहीर करावेत. लाखाहून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी ती उचलून धरली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या दवाखान्यांना स्वागतकक्षात हे आकडे लावायला सांगण्यात आलं. मग बाकीच्या दवाखान्यांनी काय घोडं मारलं आहे?

डॉक्टर म्हणतील, ‘आमच्याकडे अवघड केसेस येतात, आमचा आकडा मोठा दिसणारच.’ बरोबर आहे. त्यावरही उपाय आहे. रॉबसन यांची दहा गटांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवली आहे. पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळाचं डोकं खाली, कळा आपोआप आलेल्या, अशा बायकांचा वेगळा गट करा आणि तेवढ्यांतल्या सिझरचा आकडा फलकावर लावा. या गटात अवघड केसचं निमित्त चालत नाही. सरकारी असो की खासगी, लाखांदूरपासून भंडाऱ्यापर्यंत प्रत्येक प्रसूतिगृहात हा फलक हवा. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावावी लागतेच, त्याच्या शेजारी आणखी एक पाटी जड नाही.

आणि फलक लागेपर्यंत वाट बघू नका. येत्या ९ तारखेला तपासणीला जाल तेव्हा वरचे सहा प्रश्न सोबत न्या. नवऱ्याने, सासूने बरोबर जरूर यावं. डॉक्टर त्यांच्याकडे बघून बोलू लागले, तर त्यांनी एवढंच म्हणावं: ‘डॉक्टर, तिला सांगा. ती ठरवेल.’